मोबाइलमधला रुपया : देणे कोणाचे?

उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच सुटते. समजा, उलट फेरीने येऊन तुम्ही मोऱ्याला उतरलात आणि एका कोळणीकडून २०० रुपयांची कोळंबी घेतलीत. शंभराच्या दोन नोटा दिल्या की व्यवहार संपला. नोटा तिच्या हाती गेल्या, म्हणजे त्या तुमच्याजवळ उरल्या नाहीत. पण हेच पैसे मोबाइलवरून दिले तर काय होते? आकड्याची नक्कल कितीही वेळा करता येते. मग तेच २०० रुपये पुढच्या दुकानात पुन्हा का खर्चता येत नाहीत?

कारण त्या आकड्याची नोंद कोणीतरी वहीत ठेवत असतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक पैशाबाबत पहिला प्रश्न हा की, वही कोणाची आणि देणे कोणाचे? या दृष्टीने त्याचे तीन प्रकार पडतात.

१. बँकेतील ठेव

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआय पद्धतीत मोबाइलमध्ये पैसा नसतोच. मोबाइल फक्त आज्ञा पाठवतो. तुमची बँक तुमच्या खात्यात २०० रुपये नावे टाकते, कोळणीची बँक तिच्या खात्यात तेवढेच जमा करते. बँका आपसांतला हिशेब मागाहून मिटवतात. 'अ' बँकेने 'ब' बँकेला दिवसभरात ५०० रुपये द्यायचे आणि 'ब'ने 'अ'ला ४२० द्यायचे असतील, तर प्रत्यक्षात ८० रुपयेच हलवावे लागतात. असा निपटारा दिवसातून अनेकदा होतो आणि तो रिझर्व्ह बँकेतील खात्यांमार्फत होतो.

२. आगाऊ भरलेले पाकीट

येथे तुम्ही एखाद्या कंपनीकडे पैसे आधी भरता व नंतर थोडे थोडे खर्चता. शिल्लक हे त्या कंपनीचे तुम्हाला देणे असते. कंपनीने तो पैसा स्वतःच्या धंद्यात घातला आणि ती बुडाली तर? पहाटेपासून राबणाऱ्या विक्रेतीला मिळालेला आकडा उद्या बर्फवाल्याला देताना चालला नाही, तर तो पैसा कसला?

म्हणूनच कायदा आला. २००७ चा पेमेंट व सेटलमेंट सिस्टिम्स कायदा १२ ऑगस्ट २००८ पासून लागू झाला. अशी व्यवस्था चालवण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक ठरली. २००९ मध्ये पाकिटांसाठी नियम आले. बँक नसलेल्या कंपनीने ग्राहकांचा पैसा बँकेत वेगळ्या राखीव खात्यात ठेवावा आणि तो दुकानदारांची देणी, ग्राहकांची परतफेड अशा ठरावीक कामांनाच वापरावा, असे बंधन आहे. २०२१ च्या निर्देशांनुसार जुजबी ओळखीवर उघडलेल्या पाकिटात एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत, तर पूर्ण ओळख पटवल्यावर २ लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते.

३. ई-रुपया

कागदी नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. नोट हे रिझर्व्ह बँकेचेच देणे आहे. २०२२ मध्ये कायद्यातील नोटेच्या व्याख्येत अंकीय रूपाचाही समावेश झाला आणि १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या चार शहरांत मुंबई होती. नोटांप्रमाणेच त्याला ठरावीक मूल्ये आहेत आणि नोटेप्रमाणेच त्यावर व्याज मिळत नाही.

सारांश, पडद्यावर '२००' हा आकडा तिन्ही वेळा सारखाच दिसतो. पण पहिल्यात देणेकरी बँक, दुसऱ्यात पाकीट देणारी संस्था, तिसऱ्यात रिझर्व्ह बँक. आकड्याची किंमत त्यामागच्या वचनाइतकीच असते. ते वचन पाळले जावे, यासाठीच नियम असतात.

वर्गात करून पाहा

तीन विद्यार्थ्यांना 'बँका' करा. प्रत्येकाला चार 'खातेदार' द्या. खातेदारांनी आपसांत वीस व्यवहार करावेत. बँकांनी ते वहीत मांडावेत. शेवटी बँकांनी एकमेकींना निव्वळ किती द्यायचे ते काढा. वीस व्यवहारांसाठी प्रत्यक्षात किती वेळा पैसा हलवावा लागला? आणि मध्येच एका बँकेची वही हरवली तर कोणाकोणाचे नुकसान होईल?