ग्रामदैवत आणि पुजाऱ्याचे घर

देवालय आधी उभे राहावे आणि मग पूजेअर्चेसाठी पुजाऱ्याचे बिऱ्हाड त्याच्या शेजारी यावे, असाच क्रम बहुधा आढळतो. पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये श्रीदेवदेवेश्वराचे देवालय बांधले. तेथील पूजाव्यवस्था देवालयामागून आली हे उघडच आहे. पुण्याचे ग्रामदैवत जो कसबा गणपती, त्याविषयीची परंपरा मात्र उलट आहे. तेथे घर आधीचे आणि देवालय नंतरचे.

१६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. गावावरून गाढवांचा नांगर फिरविला, असेही सांगतात. पुढे जिजाबाई बाल शिवाजीराजांसह पुण्यास आल्या आणि दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली वस्ती पुन्हा वसू लागली. त्या काळात विनायक ठकार यांच्या घराजवळ गणपतीची मूर्ती सापडली व जिजाबाईंनी तिच्यासाठी दगडी गाभारा बांधविला, अशी परंपरा आहे. पूजेचा मान ठकार घराण्याकडे आला. शिवचरित्र शिकविताना लाल महालाचा उल्लेख सर्वच शिक्षक करतात. त्याच्या जवळच असलेल्या या देवालयाचा व घराचा सहसा होत नाही. वास्तविक उजाड गावात माणसे परत यावयाची, तर त्यांना धन्याच्या वाड्याइतकाच गावच्या देवाचा आणि त्याच्यापुढे रोज दिवा लावणाऱ्या माणसाचाही भरवसा वाटावा लागतो.

पुजाऱ्याने देवाजवळच राहावयाचे, यात मानापेक्षा सोयीचा भाग मोठा होता. पहाटे देवाला जागवावयाचे, सोवळ्यात पाणी भरावयाचे, नैवेद्य रांधून तो ऊन असतानाच देवापुढे न्यावयाचा, रात्री दार लावावयाचे. ही कामे दूरच्या पेठेतून येऊन होण्यासारखी नव्हती. घरात सोयर आले वा सुतक पडले, तरी देवाची पूजा चुकवून चालत नसे. ती दुसऱ्याच्या हातून करवावी लागे. अशा वृत्ती वंशपरंपरेने चालत, आणि भाऊ वेगळे झाले की जमिनीप्रमाणे पूजेच्याही पाळ्या वाटून घेतल्या जात. घराच्या भिंती विभागता येतात. देव विभागता येत नाही, म्हणून दिवस विभागले गेले.

मूर्ती स्वयंभू मानली जाते. ती तांदळा स्वरूपाची, शेंदूरचर्चित आहे. गाभारा दगडी आहे, पुढचा लाकडी सभामंडप उत्तरकालीन. जुनी पुणेरी घरे माती, विटा व लाकूड यांची असल्याने त्यांची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागे. म्हणूनच अशा घराचे वय केवळ त्याच्या भिंतींवरून ठरवू नये.

लग्नमुंजीची पहिली अक्षत आजही पुणेकर या गणपतीपुढे ठेवतात. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि पुढे विसर्जनाच्या मिरवणुकीत कसबा गणपतीला पहिला मान मिळाला. मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो. मिरवणुकीत निघते ती उत्सवमूर्ती. गाभाऱ्यातील मूर्ती जागची हालत नाही, आणि बाहेर ढोलताशे वाजत असतानाही तिची त्या दिवसाची पूजा नेहमीप्रमाणेच होते.