गुलमर्गला निघण्याआधी

चि. मृण्मयीस,


फेब्रुवारीत तुम्ही पाच जण गुलमर्गला जाऊन गस्तीच्या हद्दीबाहेर स्कीइंग करणार, हे ताईकडून कळलं. जरूर जा. पण तू सह्याद्रीत तयार झालेली मुलगी आहेस आणि सह्याद्रीने लावलेली एक सवय तिथे घातक ठरते, ती म्हणजे मळलेल्या वाटेवर विश्वास टाकण्याची. हरिश्चंद्रगडावर वाट मळलेली दिसली की आपण निर्धास्त होतो. बर्फात चार जणांच्या स्कीचे माग दिसले, तर ते चौघं सुखरूप गेले एवढंच कळतं. पाचव्याच्या वजनानेही तोच उतार सुटू शकतो.

असं का होतं ते नीट समजून घे. काश्मिरात 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतो. त्या काळात बर्फ कमी आणि थंडी कडक असली की तळाशी बिघाड सुरू होतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरची हवा उणे दहा-बारा, आणि मधला थर जेमतेम फूट-दीड फुटाचा. खालची वाफ वर सरकत राहते, तळाच्या कणांना कंगोरे फुटतात आणि ते एकमेकांना धरेनासे होतात. खड्डा खणून हे कण हातमोज्यावर घेऊन बघ. मुठीत कितीही दाबले तरी गोळा होत नाही, जाड साखरेसारखे बोटांतून गळून जातात. मग पश्चिमी विक्षोभ येतो, त्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि त्या कच्च्या थरावर जड स्लॅब बसतो. वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. अशा स्लॅबखाली सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो.

मोठा बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला निरभ्र दिवस म्हणूनच मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. ऊन पडलेलं असतं, रविवारचं परतीचं विमान डोळ्यांसमोर असतं, आणि गोंडोला काही मिनिटांत अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे 13,000 फुटांवर नेऊन सोडतो. चालत चढली असतीस तर वाटेत पायांना बर्फ कळला असता. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज होऊन थर बसणं, स्कीच्या टोकापासून तडा पळत जाणं, शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसणं, यातलं एक जरी आढळलं तरी त्या दिवशी तीव्र उतार बंद, चर्चा नको. याच अफरवटवर 1 फेब्रुवारी 2023 ला दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले.

म्हणून निर्णय वर जाऊन घ्यायचा नाही, आदल्या रात्री नकाशावर घ्यायचा. स्लॅब बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतो आणि दुर्दैवाने स्कीइंगची खरी मजाही तिथेच असते. फोनमधलं कोनमापक वापर, नजरेवर विसंबू नकोस. नुसता पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तू सपाटीवर उभी असशील आणि डोक्यावर 38 अंशांचा उतार भरलेला असेल, तर तूही त्याच्या तोंडाशीच आहेस. घळीत तर थांबूच नकोस, तिथे थोडा बर्फही माणसाला खोल गाडतो. संरक्षण खात्याच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज वाच, पण तो अख्ख्या बारामुल्ला जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या उतारासाठी नाही. खड्ड्यातल्या चाचणीचंही तसंच. कापून मोकळ्या केलेल्या बर्फाच्या खांबावर फावडं ठेवून त्यावर आधी मनगटापासून, मग कोपरापासून, मग खांद्यापासून दहा-दहा थापा मारायच्या. पहिल्या काही थापांतच थर सरकून आला तर मागे फिर. नाही सरकला, तर पन्नास पावलांवरही तो तसाच असेल असं समजू नकोस.

अनुभवी माणूस सोबत आहे म्हणून सैल पडू नकोस. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तरकाशीच्या द्रौपदी का डांडावर हिमस्खलनात 29 जण गेले, त्यांत शिकवणारेही होते. तुम्ही पाच जणांनी आताच ठरवा की एकाने 'नको' म्हटलं की सगळे परतायचं, आणि त्याला कारण विचारायचं नाही. तू गटात सगळ्यांत लहान आहेस, म्हणून हे तुलाच आवर्जून सांगते. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, हॉटेलात नव्हे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, म्हणजे शोधणारे तुम्ही चौघंच. ट्रान्सीव्हर पुण्यातच भाड्याने मिळाले तर दोन-तीन रविवार तळजाईवर जा. एकाने पाचोळ्यात एक पुरून ठेवायचा, दुसऱ्याने घड्याळ लावून शोधायचा. शोधताना फोन खिशातही नको, त्याने संकेत बिघडतो.

तुमच्या मार्गांचा नकाशा मला पाठव, कोणते उतार वगळायचे ते आपण फोनवर बोलून बघू. मी रात्री नऊनंतर मोकळी असते.

तुझी,
सुधामावशी