दूरच्या नेमणुकीचा बसप्रवास : एक दिवस हातात ठेवा

गेल्या आठवड्यात सायंकाळी दवाखाना आवरता आवरता आमच्या पेठेतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली, इंटर्नशिपही पुरी झाली. आता एक वर्षाच्या बाँडची ऑर्डर हातात पडली होती. नेमणूक गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, पुढच्या गुरुवारी हजर व्हायचे. आमच्या सांगली जिल्ह्यातून म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला.

वडिलांनी सगळा हिशेब करून ठेवला होता. "डॉक्टर, मंगळवारी संध्याकाळी इथून बस. बुधवारी सकाळी नागपूर. तिथून लगेच गडचिरोली, पुढे मिळेल ती गाडी. रात्री पोचते आणि गुरुवारी सकाळी हजर. एक दिवससुद्धा वाया जात नाही. हिला गाडी लागते, तेवढी गोळी लिहून द्या."

गोळी मी लिहून दिली. पण त्या हिशेबात एक चूक होती आणि तीच चूक मी स्वतः १९९४ साली केली होती. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरांना एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते, हे वाचकांना ठाऊक आहेच. नवे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेत लागलेली मुलेमुली हीसुद्धा अशीच पहिल्या नेमणुकीला दूर जातात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

माझी चूक

माझी नेमणूक मेळघाटातल्या एका आरोग्य केंद्रात झाली होती. घरून पुणे, पुण्याहून रात्रीची अमरावतीची एस.टी., सकाळी परतवाडा आणि पुढे घाटातला रस्ता. बसून बसून पाय सुजलेले, डोळ्याला डोळा नाही. दुपारी पोचलो, सही केली आणि उत्साहाच्या भरात लगेच रुग्ण तपासायला बसलो.

सायंकाळी एक बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन आली. त्या काळी हिवतापाच्या संशयावर क्लोरोक्विन देण्याची पद्धत होती. मोठ्या माणसाला चार गोळ्या, वर्ष ते चार वर्षांच्या मुलाला एक. मी चिठ्ठी लिहिली आणि पुढचा रुग्ण बोलावला. दोन मिनिटांनी वयस्कर कंपाउंडर चिठ्ठी घेऊन आत आले. हळूच म्हणाले, "साहेब, लेकरू दोन वर्षांचं आहे. चार गोळ्या लिहिल्या तुम्ही. एकच द्यायची नं?"

क्लोरोक्विन जास्त झाले तर लहान मुलाचे हृदय बंद पडू शकते. हे मला पाठ होते, परीक्षेत लिहिलेही होते. ज्ञान कमी पडले नव्हते, झोप कमी पडली होती. त्या कंपाउंडरांनी चिठ्ठी नीट वाचली नसती तर काय झाले असते, हा विचार आजही मधूनच मनात येतो.

सलग चोवीस तास जागलेल्या माणसाची सावधानता दारू प्यायलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. बसमध्ये डुलक्या लागतात, पण गतिरोधक, हॉर्न आणि प्रत्येक थांब्यावरचे दिवे यांमुळे गाढ झोप होत नाही. शिवाय थकलेल्या माणसाला आपली चूक होते आहे हे कळतही नाही. म्हणून पहिला नियम : पोचण्याचा दिवस आणि कामाचा दिवस यांच्यात एक पूर्ण रात्र पलंगावरची झोप हवी. तो दिवस वाया जात नाही, तो प्रवासाचाच भाग आहे.

आखणी कशी करावी?

प्रवासाचे तुकडे पाडा. रात्रभराच्या बसनंतर नागपूर, अमरावती, नांदेड अशा मोठ्या गावी नातेवाईकाकडे किंवा चांगल्या लॉजवर मुक्काम करा. शेवटचा टप्पा नेहमी दिवसाउजेडी गाठा. नागपूर ते गडचिरोली अंतर सुमारे १७० किलोमीटर. तिथून आलापल्ली, एटापल्ली, भामरागडकडे जाणारा रस्ता जंगलातला आहे आणि गाड्या मोजक्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्राला फोन करून रस्ता चालू आहे का आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते, एवढे विचारून घ्यावे.

रेल्वेचे आरक्षण मिळत असेल तर ती केव्हाही बरी. आडवे होता येते, उठून फिरता येते, शौचालय असते. कोल्हापूरहून सांगली, पुणे, नागपूरमार्गे गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्याकडच्या लोकांच्या ओळखीची आहेच. पण ऑर्डर ऐनवेळी येते, आरक्षण मिळत नाही आणि मग बसखेरीज मार्ग उरत नाही.

पाणी पिऊ नका, असे कोणी सांगितले?

गेल्या वर्षी नोकरीवर रुजू होऊन आलेली एक मुलगी थंडी वाजून ताप, उलट्या आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखणे अशा तक्रारी घेऊन आली. लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. विचारल्यावर कळले, चौदा तासांच्या प्रवासात तिने जेमतेम अर्धी बाटली पाणी प्यायले आणि लघवी पूर्णपणे रोखून धरली. "रात्री कुठं उतरायचं, काका?" असा तिचा प्रश्न. प्रश्न खरा आहे आणि दोष तिचा नाही. पण उपाय तहान मारणे हा नव्हे.

तिकीट काढतानाच गाडी कोठे आणि किती वेळ थांबते ते विचारा. शक्यतो मोठ्या बसस्थानकात थांबणारी गाडी निवडा. दर थांब्यावर, लागली असो वा नसो, लघवीला जाऊन या. एकटीला भीती वाटत असेल तर शेजारच्या बाईला सोबत न्या, वाहकाला सांगून उतरा. दर तासाला चार-पाच घोट पाणी पुरते. लघवी गर्द पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. पाळीची तारीख जवळ असेल तर लागणारे सामान हातातल्या पिशवीत असावे. लघवीला जळजळ झाली तर डॉक्टरांना दाखवा. सोबत थंडीताप असेल तर एक दिवसही थांबू नका.

पायांतल्या गाठी

सलग चार तासांहून अधिक बसून राहिले की पोटरीतल्या शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात म्हटले आहे. विमान असो, रेल्वे असो वा बस, नियम तोच. घाबरण्याचे कारण नाही, कारण हा धोका मुळात सहा हजारांत एकाच्या आसपास आहे. पण स्थूल व्यक्ती, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लोक आणि ज्यांना पूर्वी अशी गाठ झाली आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उपाय फुकटचा आहे. दर अर्ध्या तासाने पंजे वर-खाली करा, घोटे फिरवा, पोटऱ्या आवळून सोडा. थांब्यावर उतरून पाच मिनिटे चाला. पायांशी बोचके ठेवून पाय अडकवू नका. झोपेची गोळी घेऊन एकाच बाजूला पडून राहू नका. आपल्या मनाने ॲस्पिरिनही घेऊ नका. प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

गाडी लागत असेल तर

पुढच्या चाकाच्या आसपासची जागा घ्या, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवा, मोबाईल आणि पुस्तक बंद. उपाशी राहू नका, पण भजी-वडाही नको. थोडी कोरडी भाकरी, चपाती किंवा राजगिऱ्याचा लाडू चालतो. प्रोमेथाझिनची गोळी सुटण्यापूर्वी एक-दोन तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. तिने झोप येते, म्हणून त्या दिवशी दुचाकी चालवू नये आणि मद्य तर अजिबात नको. ओन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचे चांगले औषध आहे, पण गाडी लागण्यावर ते फारसे चालत नाही.

कोणते सामान हाताशी ठेवावे?

मधुमेह, दमा किंवा फिट्सचा विकार असलेल्यांनी औषधे डिकीतल्या बॅगेत ठेवू नयेत. गाडी चालू असताना डिकी उघडत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तापलेल्या डिकीत इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकते. ती ओल्या फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी, बर्फाला चिकटवू नये. इन्सुलिन घेऊन जेवण लांबले तर साखर धोकादायक उतरते, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच. औषधाची चिठ्ठी आणि महिन्याभराची औषधे सोबत न्या. लहान गावात तीच गोळी मिळेल याचा भरवसा नाही.

क्षारसंजीवनीची पाकिटेही न्यावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात ते विरघळवायचे, मोठे पाकीट असेल तर एक लिटर. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे चमचे चहाचे धरावेत. गडचिरोलीसारख्या भागात जाणाऱ्यांनी मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून वापरावी. ताप आला तर "प्रवासाचा शीण" म्हणून सोडून देऊ नये, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हिवतापाचे औषध आता रक्ताच्या तपासणीनुसारच देतात.

आणखी एक गोष्ट. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जणांचा होरपळून मृत्यू झाला. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. म्हणून बसमध्ये शिरताच संकटकाळी बाहेर पडण्याचे दार कोठे आहे ते पाहून ठेवावे. पादत्राणे आणि मोबाईल हाताशी असावेत. चालक पेंगत असेल तर संकोच न करता वाहकाला सांगा. खासगी बस असेल तर चालकालाच गाडी थांबवायला लावा.

पुढे काय झाले?

मुलीच्या वडिलांना मी माझी १९९४ ची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग मुलगीच म्हणाली, "बाबा, सोमवारीच निघते. नागपूरला आत्याकडं राहते." त्याप्रमाणे ती सोमवारी संध्याकाळी निघाली, मंगळवारी रात्री आत्याकडे झोपली आणि बुधवारी दिवस मावळण्याआधी नेमणुकीच्या गावी पोचली.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. "काका, हजर झाले. काल नऊ तास झोपले. आणि आज पहिल्याच पेशंटची चिठ्ठी दोनदा वाचून मग दिली."

वाचकहो, आपल्या घरातले मूल असे दूर निघाले असेल तर डबा, लोणचे, स्वेटर याबरोबर त्याला हा एक दिवसही बांधून द्या. तो त्याच्यासाठी आहेच, पण पलीकडे दारात ज्याची वाट पाहिली जाते आहे, त्या अनोळखी रुग्णासाठीही आहे.