सरीतील पाण्याची वर्दी देणारे ट्रान्झिस्टरचे यंत्र



शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की दारे धरणाऱ्याला पाणी कोठवर गेले हे पाहण्यासाठी अंधारात उसातून फेऱ्या माराव्या लागतात. विंचूकाट्याचे भय असतेच. डोळा लागला तर पाणी सरीच्या टोकाला साचते, भारी जमिनीत तेथील मुळे गुदमरतात आणि दिलेले नत्रही वाया जाते. यासाठी पुढील यंत्र घरी तयार करता येईल.

विहिरीच्या पाण्यातून वीज वाहते, पण फार थोडी. तेवढ्यावर भोंगा वाजत नाही. ट्रान्झिस्टरच्या बेसला हा थोडा प्रवाह दिला की कलेक्टरमधून एमिटरकडे त्याच्या शंभर पटींहूनही अधिक प्रवाह जाऊ शकतो. यालाच प्रवर्धन म्हणतात.

बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ९ व्होल्टवर चालणारा छोटा बझर आणि ४७० ओहम, १० किलोओहम व १०० किलोओहमचे एकेक रेझिस्टर आणावेत. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. येथेच बहुतेकांची चूक होते.

एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकापासून ४७० ओहम, पुढे एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय कलेक्टरला. सायकलचे दोन स्पोक घेऊन एक धन टोकाला व दुसरा १० किलोओहममार्फत बेसला जोडा. बेस व एमिटर यांमध्ये १०० किलोओहम बसवा, म्हणजे दवाच्या ओलाव्याने यंत्र उगाच चालू होणार नाही.

बझर लावण्याआधी चाचणी घ्या. स्पोक कोरडे असताना दिवा विझलेला हवा आणि वाटीतल्या विहिरीच्या पाण्यात बुडवताच लख्ख लागला पाहिजे. न लागल्यास स्पोक पाण्यात ठेवूनच मल्टिमीटरने बेस-एमिटर दाब पाहा. तो ०.६ ते ०.७ व्होल्ट असावा. तेवढा असूनही दिवा लागत नसेल तर एलईडी उलटा बसला आहे का ते तपासा. दाब शून्य असेल तर जोड सुटला आहे. सारे ठीक झाल्यावर बझरची धन तार बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी कलेक्टरला जोडा.

पहिल्या खेपेस मी स्पोक सरळ मातीत रोवले. वाफशाच्या ओलीनेच दिवा लागला, पाणी अजून पाटातच होते! म्हणून स्पोक लाकडी खुंटीला बांधून त्यांची टोके सरीच्या तळापासून दोन बोटे वर ठेवावीत. खुंटी अगदी टोकाला नको. दारे मोडल्यावरही पाणी पुढे धावते, तेव्हा उतार पाहून काही पावले अलीकडे ठोकावी. पाळी संपल्यावर स्पोक पुसून ठेवा. धन बाजूचा स्पोक लवकर झिजतो, तो अधूनमधून बदलावा.

हे यंत्र स्टार्टरला किंवा पंपाच्या विजेला मुळीच जोडू नये. ते फक्त बॅटरीवरच चालवावे.