फोटो, नक्षे आणि त्यांच्या हक्काचा हिशेब

कापडाचे किती ताके आले, किती परत गेले, याचा हिशेब आपण तोंडी ठेवत नाही. मात्र मालाचे फोटो, नक्षे आणि चित्रफिती यांचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे व्यापारी ठेवतात. हेच फोटो आज दुकानाच्या संकेतस्थळावर, कॅटलॉगमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ते वापरण्याचा हक्क कोणाचा व किती दिवसांचा, हे व्यापारी आणि कारागीर या दोघांनीही समजून घेणे जरूर आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. नक्ष्याचे तसे नाही. बाहेरच्या नक्षाकाराला पैसे देऊन नक्षा काढून घेतला, तरी लेखी करार नसेल तर त्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. पगारी नोकराने नोकरीच्या कामात काढलेला नक्षा मात्र मालकाचा. म्हणजे एकाच साडीचा फोटो व्यापाऱ्याचा आणि तिच्यावरचा नक्षा कारागिराचा, असे होऊ शकते.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. परदेशी माल पाठवणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

कापडावरचा नवा नक्षा २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतो. संरक्षण १० वर्षे मिळते व पुढे ५ वर्षे वाढवता येते. पण नक्षा नवा असावा लागतो. म्हणून आधी अर्ज करावा, मगच फोटो बाहेर पाठवावा. नोंदणीयोग्य नक्षा न नोंदवता त्याचे ५० हून अधिक नग यंत्रावर निघाले, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो.

सॉफ्टवेअरमध्ये नोंद कशी ठेवावी?

संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंचे एक कोठार असते. वर्डप्रेसच्या साध्या मांडणीत प्रत्येक फोटोला शीर्षक, मथळा व वर्णन यांचे रकाने मिळतात, पण हक्काच्या मुदतीचा रकाना नसतो. तो जोड-सॉफ्टवेअर घेऊन वाढवावा, नाहीतर साध्या तक्त्यात ठेवावा. आम्ही पुढील रकाने सुचवतो :

१. फाइलचा क्रमांक
२. काढणाऱ्याचे नाव
३. हक्क कोणाचा आणि करार कोठे ठेवला आहे
४. कोठे वापरता येईल : छापील, संकेतस्थळ, जाहिरात
५. कोणत्या देशात
६. मुदत कधी संपते
७. सध्या कोठे कोठे वापरला आहे

सातवा रकाना बहुतेक जण सोडून देतात. समजा, एका मॉडेलने आपला फोटो एक वर्ष वापरण्याची लेखी संमती दिली. वर्ष संपल्यावर आपण तो संकेतस्थळावरून काढला, पण तोच फोटो दहा किरकोळ दुकानदारांकडे आधीच गेलेला असतो. तो कोणाकोणाला दिला याची नोंद असेल तरच त्यांना वेळेवर कळवता येते. म्हणून मुदत संपण्याच्या एक महिना आधी मोबाइलमध्ये आठवण लावावी.

फोटोच्या फाइलमध्येच काढणाऱ्याचे नाव व हक्काची सूचना लिहिण्याची सोय असते. आयपीटीसीचे रकाने त्यासाठीच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती सहसा गळून पडते. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

इंटरनेटवरील फुकट फोटो घेताना परवाना वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यात व्यापारी वापरास मनाई आहे, तो फोटो दुकानाच्या जाहिरातीत चालत नाही.

जुने सगळे फोटो एकदम नोंदवणे जमणार नाही. सध्या चालू असलेल्या मालाचे फोटो व नक्षे आधी घ्या, आणि ज्यांचा कागद सापडत नाही त्यांच्यासाठी फोटोग्राफर, नक्षाकार यांच्याकडून आत्ताच चार ओळी लिहून घ्या. कारागिरांनीही सही करण्यापूर्वी त्यात मुदत, प्रदेश व मोबदला लिहिला आहे का, हे पाहावे.