लॅपटॉपची फुगलेली बॅटरी : ओळख, उपाय व प्रतिबंध

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांत फळा व तक्ते यांच्या जोडीस आता लॅपटॉप आला आहे. काही गावी तो ग्रामस्थांच्या लोकवर्गणीतून मिळालेला असतो. त्याची निगा राखणे हे शिक्षकाचे कर्तव्य होयच. परंतु त्याच्याभोवती बसणाऱ्या मुलांची सुरक्षितता ही त्याहून मोठी गोष्ट होय. सबब बॅटरी फुगणे या दोषाची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे इष्ट आहे.

कारणे : लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यात धनाग्र व ऋणाग्र यांमध्ये सच्छिद्र पातळ पडदा व ज्वालाग्राही द्रव असतो. अतिउष्णता, दीर्घकाळ पूर्ण भारित ठेवणे, आघात किंवा जुनेपणा यांमुळे या द्रवाचे विघटन होऊन वायू निर्माण होतो व बंद पाकीट फुगते. तव्यावरील भाकरी वाफेने फुगते, तसाच हा प्रकार दिसतो. परंतु भाकरी टोचली तर केवळ वाफ निघून जाते. बॅटरी टोचली तर पडदा फाटून दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात व क्षणात पेट घेतात. म्हणून फुगलेली बॅटरी कदापि टोचू वा दाबू नये.

ओळख : झाकण नीट न मिटणे, बोटाने फिरविण्याची पट्टी वर येणे किंवा न दबणे, तळाची फट उघडणे आणि सपाट टेबलावर यंत्र डुगडुगणे, ही मुख्य लक्षणे होत. झाकण जोराने दाबून मिटविण्याचा प्रयत्न करू नये.

उपाय : असे आढळताच यंत्र बंद करून चार्जर काढावा व पुन्हा भारित करू नये. बॅटरी बाहेरून सहज निघण्यासारखी नसेल, तर यंत्र उघडू नये. मुलांच्या वावरापासून दूर, कोरड्या फरशीवर, कागद व लाकूड यांपासून अलग ते ठेवावे. दप्तराच्या कपाटात ठेवू नये. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत शेरा मारून केंद्रप्रमुखांस लेखी कळवावे व दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवावी. धूर येऊ लागल्यास प्रथम मुलांना बाहेर न्यावे, कारण तो धूर विषारी असतो. नंतर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, कचऱ्याबरोबर जाळू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलकाकडे द्यावयाची असते.

प्रतिबंध : यंत्र रात्रंदिवस चार्जरला जोडून ठेवू नये. नित्य वापरात भार सुमारे २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. यंत्राबरोबर आलेला किंवा त्याच बनावटीचा चार्जर वापरावा. सतरंजीवर ठेवून हवेची छिद्रे झाकू नयेत. उन्हाळ्याच्या सुटीत विशेष दक्षता घ्यावी. आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याखालील बंद खोली त्याहूनही तापते. सुटीपूर्वी सुमारे ५० टक्के भार ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे व थंड, कोरड्या जागी ठेवावे. महिन्यातून एकदा पाहणी करून भार फार उतरला असल्यास पुन्हा निम्मा करावा.

वर्गपाठ : परिसर अभ्यासाच्या तासास मुलांना एवढेच पक्के शिकवावे, की घरातील मोबाइलची किंवा शाळेतील यंत्राची बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला हात लावू नये, तिच्याशी खेळू नये व तत्काळ मोठ्यांस सांगावे. हा धडा मुलांबरोबर घरोघरी पोहोचेल.