अल्बम अडलाय, त्याबद्दल

चि. बंड्यास,


तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. एकदा जेवताना आणि मग रात्री निवांत. वर्ष उलटलं तरी अल्बम अर्ध्यावरच आहे, बेसवाला दुसरीकडे वाजवतो म्हणून त्याला काढायचं घाटतंय, ड्रमरला कुणी काही सांगायची सोय उरलेली नाही, आणि तू रुसून प्रॅक्टिसला जाणं सोडलं आहेस, असा एकूण मजकूर. आईला यातलं काही सांगू नका असंही म्हणालास. नाही सांगत. पण ताई आहे ती, तिला एव्हाना कळलेलं असणार.

फोन केला असता तर तू दर वाक्याला "मामा, तसं नाहीये" करत बसला असतास. म्हणून लिहितोय. सवडीने वाच.

तुम्ही पोरं मेटॅलिकाच्या 'सेंट अँगर'ची टिंगल करता. करा, माझीही ना नाही. पण तो अल्बम कसा झाला हे तुमच्यापैकी कुणी धड पाहिलेलं नाही. 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' हा त्यावरचा माहितीपट तू पाहिलास तोही मोबाइलवर, भांडणं तेवढी. एकदा अथपासून इतिपर्यंत पाहा. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की हे दोघे दिग्दर्शक कॅमेरा घेऊन त्या खोलीत बसून राहिले आणि दीड हजार तासांहून जास्त चित्रीकरण त्यांच्या हाती लागलं. जगात इतका यशस्वी बँड इतका उघडा क्वचितच पडला असेल.

सुरुवात तुमच्यासारखीच, बेसवाल्यापासून. जेसन न्यूस्टेड जानेवारी २००१ मध्ये बँड सोडून गेला. कारण काय, तर एकोब्रेन नावाच्या दुसऱ्या एका बँडबरोबर त्याला अल्बम काढायचा होता आणि गायक जेम्स हेटफिल्डला ते खपत नव्हतं. बाहेर वाजवलं की मेटॅलिकाचं बळ कमी होतं, असं त्याचं म्हणणं. हाच हेटफिल्ड त्याआधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर गाऊन आला होता, 'साउथ पार्क' चित्रपटासाठीसुद्धा. न्यूस्टेडने हे बोलून दाखवलं, आणि त्याचं काय चुकलं?

पण खरं दुखणं त्याहून जुनं होतं. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन गेला आणि काही आठवड्यांत त्याच्या जागी न्यूस्टेड आला. गेलेल्या मित्राचं दुःख बाकीच्यांनी नव्या माणसाची खोड काढून काढून भागवलं. मग १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. चांगल्या स्पीकरवर लाव आणि बेस शोध. सापडत नाही. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे जाहीरपणे सांगितलंय की ड्रमर लार्स उलरिकने त्याला बेस खाली, अजून खाली आणायला लावला. माझी हयात मिक्सिंग कन्सोलपुढे गेली, म्हणून सांगतो, एखाद्या माणसाचा फेडर खाली ओढणं ही त्याला गप्प बसवायची सगळ्यात सोयीची पद्धत आहे. भांडावं लागत नाही, काढून टाकावं लागत नाही. इतकी वर्षं तशी काढल्यावर माणूस स्वतःचं काहीतरी बाहेर शोधणारच. एकोब्रेन हे निमित्त.

आता तुमचा बेसवाला. तो शनिवार-रविवार कॅफेत हिंदी गाणी वाजवतो, असं तू जणू चोरी पकडल्यासारखं सांगितलंस. अरे, त्याला खोलीचं भाडं भरायचं असतं. तुझं भाडं तुझा बाप भरतो, त्यामुळे तुला निष्ठा स्वस्तात परवडते. त्याने तुमची प्रॅक्टिस बुडवली का, एवढंच विचार. बुडवली नसेल तर तो विषय तिथेच संपला. आणि तुमच्या डेमोत त्याचा बेस ऐकू येत नाही, हे तुला कुणी सांगितलंय की नाही? मला पहिल्या गाण्यातच कळलं.

मेटॅलिकाकडे वळतो. न्यूस्टेड निघाला त्याच सुमारास बँडने फिल टाउल नावाच्या एका समुपदेशकाला बोलावलं. त्याची फी दरमहा ४०,००० डॉलर. पूर्वी तो अमेरिकन फुटबॉलच्या संघांबरोबर काम करायचा. एवढ्या मोठ्या बँडने असं कुणाला बोलवावं हे न्यूस्टेडला फार मिळमिळीत वाटलं, आणि तो ते कॅमेऱ्यासमोर बोलला. माझं मत वेगळं आहे. हे लोक वीस वर्षं एका बसमधून हिंडले, एका स्टेजवर घामेजले आणि एकमेकांशी एक वाक्य धड बोलले नव्हते. बोलायला पैसे मोजावे लागले तर लागले.

एप्रिल २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओत, लष्कराच्या जुन्या बराकीत त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. गाणी लिहून आणायची नाहीत, तिथेच वाजवत वाजवत करायची, शब्दही सगळ्यांनी मिळून लिहायचे, असं ठरलं. बेसवाला नव्हता, तर निर्माता बॉब रॉकच बेस घेऊन बसला. जुलैमध्ये हेटफिल्ड दारू सोडवायला व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि काम ठप्प. तो वर्षअखेरीला तिथून बाहेर पडला, पण बँडमध्ये परतला एप्रिल २००२ मध्ये. बाकीच्यांना इतके महिने ठाऊक नव्हतं की बँड आहे की संपला.

परतल्यावर त्याने अट घातली: दुपारी बारा ते चार, चारच तास काम. चार वाजले की तो घरी, बायकामुलांकडे. इथपर्यंत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. दारूतून उठलेल्या माणसाला घड्याळाचाच आधार असतो; आणि रात्रभर स्टुडिओत पडून राहणं म्हणजे मेहनत, हा आपल्या लाइनमधला जुना खुळचट समज आहे. पण पुढे तो म्हणाला की मी नसताना तुम्हीही काम करायचं नाही, रेकॉर्ड झालेलं ऐकत बसायचं नाही. तिथे लार्सचा भडका उडाला. फिल्ममध्ये तो खोलीभर येरझाऱ्या घालतो, हेटफिल्डच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शिवी हासडतो. लार्सचा स्वभाव मला मुळीच आवडत नाही, तरी त्या प्रसंगात तोच बरोबर होता. पूर्वी हेटफिल्ड दरडावून ताबा ठेवायचा, आता तब्येतीच्या नावाखाली ठेवत होता. गैरहजर राहून सगळ्यांना खोळंबून ठेवणं हाही ताबाच असतो, बंड्या. आठवडाभर प्रॅक्टिसला न जाऊन तू दुसरं काय केलंस?

आता जी गोष्ट सांगायला हे पत्र घेतलं ती.

टाउलच्या बैठकांनी ती माणसं वाचली. एकमेकांचं ऐकायला शिकली, सगळ्यांना सारखा मान द्यायचं ठरलं. आणि नेमका तोच नियम त्यांनी गाण्यांनाही लावला. कुणाचं काही नाकारायचं नाही. जॅममधले तुकडे कॉम्प्युटरवर, प्रो टूल्समध्ये एकामागे एक चिकटवले, आणि मग स्वतःचीच गाणी वाजवायला त्यांना ती नव्याने पाठ करावी लागली. अकरा गाणी, पंच्याहत्तर मिनिटं. एकेक रिफ झकास आहे, पण तो संपायलाच तयार नाही. जिथे थांबायचं तिथे "थांबा" म्हणणारा माणूस म्हणजे निर्माता. तो बेस गळ्यात अडकवून त्यांच्यातच गोल करून बसलेला. रॉकने १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमवर याच लोकांना घासून घासून जगज्जेते केलं होतं. या वेळी त्याला गॅरेजमधल्या पोरांसारखा कच्चा आवाज हवा होता, असं तो म्हणतो. कच्चा आवाज आणि कच्चं गाणं यांत फरक असतो, आणि तो पाहायला खोलीत कुणी उरलं नव्हतं.

त्या स्नेअरचंच घे. स्नेअरच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात; बाजूची खिट्टी पाडली की त्या सुटतात आणि ठोका सपाट, टणटणीत, मागे घुमत राहणारा येतो. लार्सने तारा सोडून वाजवलं, त्याला तो आवाज आवडला आणि अख्खा अल्बम तसाच राहिला. जगभर लोक म्हणाले, पत्र्याचा डबा बडवतोय. एका गाण्यात तो आवाज मजेचा वाटला असता. सगळ्या अल्बमभर तो ठेवला, कारण ड्रमरला ड्रमबद्दल काही बोलणं म्हणजे नुकत्याच जुळलेल्या संबंधांना धक्का. हे माझं अनुमान, पण फिल्म पाहून तुझंही होईल.

गिटारवाल्या कर्क हॅमेटच्या सोलोंचं तर मला फार वाईट वाटतं. अल्बममध्ये एकही गिटार सोलो नाही. तेव्हा सोलो जुनाट मानले जात. फिल्ममध्ये कर्क हळू आवाजात मुद्दा मांडतो की सोलो गाळले तर त्यामुळेच ही गाणी या विशिष्ट काळाची वाटतील, जुनी होतील. अख्ख्या फिल्ममधलं ते सगळ्यात शहाणं बोलणं आहे. पण तो गोगलगाय माणूस, आवाज न चढवणारा, म्हणून मुद्दा वाहून गेला. सगळ्यांना सारखा मान द्यायचं ठरलेल्या त्याच खोलीत हे घडलं. जो मोठ्याने बोलेल त्याचंच खरं, हा जुना नियम काही गेला नव्हता.

आणि लार्सचे वडील. टॉर्बेन उलरिक, लांब पांढरी दाढी, एके काळी डेन्मार्ककडून डेव्हिस कप खेळलेले, जॅझमध्ये मुरलेले. मुलगा मोठ्या उमेदीने त्यांना एक ट्रॅक ऐकवतो. म्हातारा शांतपणे ऐकतो आणि तितक्याच शांतपणे सांगतो की हे पुसून टाक. लार्सचा चेहरा पाहण्यासारखा होतो. उलट टाउलला महिन्याला ४०,००० डॉलर मिळत होते, आणि तो गाण्यांच्या शब्दांत स्वतःची भर घालू लागला होता. बँडजवळ राहायला येण्याच्या गोष्टीही करू लागला, तेव्हा या मंडळींना घाम फुटला. मन जुळवणारा आणि गाणं पारखणारा ही दोन वेगळी माणसं लागतात. पहिला त्यांच्याकडे होता. दुसरा एका दुपारी पाहुणा म्हणून येऊन गेला.

तुझा युक्तिवाद मला आत्ताच ऐकू येतोय: "पण मामा, तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं." मिळालं. मेटॅलिकाने तेव्हा काहीही काढलं असतं तरी ते पहिल्या क्रमांकावर गेलं असतं. तुमचं तसं नाही. तुमचा अल्बम दोनशे लोक ऐकणार, आणि त्यातले निम्मे नातेवाईक.

म्हणून सांगतो तसं करून बघा. पहिल्या बैठकीत वाद्यं बाहेर काढायचीच नाहीत. चहा घ्या आणि पैसे, वेळ, बाहेर वाजवणं, रुसवेफुगवे हे सगळं तिथे बोला. ज्याला बोलता येत नाही त्याला आधी बोलू द्या. किती वाजता यायचं, किती वाजता जायचं हे कागदावर लिहा. एखादा आला नाही तर बाकीच्यांनी वाजवायचं, त्याची वाट पाहायची नाही. ती बैठक संपली की ते विषय त्या खोलीतच सोडायचे.

गाण्यांची बैठक वेगळ्या दिवशी. तिथे चौघांतल्या कुणाच्याही भावनेची किंमत शून्य. बाहेरचा एक माणूस बसवा, ज्याला तुमच्याशी मैत्री टिकवायची गरज नाही आणि ज्याच्या कानावर तुमचा विश्वास आहे. मी नको, मी मामा आहे. तुझ्या त्या गिटारच्या सरांना विचार. ते तोंडावर बोलतात म्हणून तू त्यांच्याकडे जाणं बंद केलंस, तेच. त्यांनी गाणं काढा म्हटलं तर महिनाभर ते बाजूला ठेवायचं, वाद घालायचा नाही. तुझा साडेतीन मिनिटांचा सोलो ते पहिल्या झटक्यात छाटतील, तयारीत राहा.

बेसवाल्याला काढायची भाषा मात्र आजच थांबव. लार्स, कर्क आणि रॉक एकोब्रेनचा कार्यक्रम पाहायला गेले होते. कार्यक्रम झाल्यावर आत भेटायला गेले तर न्यूस्टेड निघून गेलेला. तेव्हा लार्सच्या ध्यानात येतं की आपण मागे पडलो आणि हा पुढे गेला. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी रॉबर्ट ट्रुहिओला घेतलं आणि आल्या आल्या दहा लाख डॉलर आगाऊ देऊ केले. बेसवाल्याला कसं वागवायचं हे त्यांना कळलं, पण ते न्यूस्टेडच्या वाट्याला आलं नाही.

पुढचा अल्बम यायला २००८ उजाडलं. निर्माता नवा, रिक रुबिन. सोलो परत आले, गाणी पुन्हा बांधून वाजवलेली. फक्त मिक्स करतानाच आवाज इतका चेपून वर नेला की माझ्या कानाला त्रास होतो, पण तो वेगळाच गुन्हा आणि त्यावर वेगळं पत्र लागेल. हेटफिल्डला २०१९ मध्ये पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागलं, दौरा पुढे ढकलला, आणि या वेळी बँड फुटायची भाषा कुणी केली नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये जे चौघे होते तेच आजही आहेत. अल्बम फसला, पण त्या दोन वर्षांनी बँड टिकवला. तुमचं वय कमी आहे, डोक्यावर कंपनी नाही, कॅमेरा नाही. तुम्हाला दोन्ही साधायला हरकत नसावी.

उद्या सकाळी बेसवाल्याला फोन कर. मेसेज नव्हे, फोन. त्याचा आवाज वाढवून नवा मिक्स मला पाठव, एमपीथ्री नको, पूर्ण फाइल पाठव. ताईला नमस्कार सांग आणि तिने विचारलंच तर खरं काय ते सांगून टाक.

तुझा,
मामा